रानात जाताना सोबत बंदूक ठेवू का?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी छाटली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आज माईकसमोर मी एकटाच आहे. पाहुणे नाहीत, मुलाखत नाही. आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय.

झालं असं की मागच्या आठवड्यात एका मुलाचा डीएम आला. वय असेल एकवीस-बावीस. त्यानं लिहिलं होतं, "दादा, आम्ही चौघं मित्र इगतपुरीकडे कॅम्पिंगला चाललोय. सगळीकडे बिबट्याच्या बातम्या आहेत, घरचे घाबरतात. सोबत ठेवायला कुठली बंदूक बरी पडेल? आणि लायसन्स किती दिवसांत मिळतं?" खाली एका अमेरिकन यूट्यूबरच्या व्हिडिओची लिंक. त्यात एक दाढीवाला माणूस तंबूसमोर बसून 'जंगलात न्यायची पाच पिस्तुलं' दाखवतोय.

आधी मला हसू आलं, मग हसू गेलं. कारण आठेक वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता. तेव्हा विचारायला कुणी दादा नव्हता. मी माझं मीच उत्तर शोधलं आणि ते चुकलं. त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ती गोष्ट आज सांगणार आहे.

पण मेसेज करणाऱ्या मित्रा, तुला ताटकळत ठेवत नाही. उत्तर आधीच देतो: कुठलीच नाही. आता का नाही, ते नीट ऐक.

आधी कायदा, कारण तो बऱ्याच जणांना माहीतच नाही

आपल्याकडे बंदुकीला १९५९चा शस्त्र अधिनियम लागू आहे आणि त्याखालचे २०१६चे शस्त्र नियम. लायसन्स मागायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणजे तू सिडकोत राहत असशील तर आयुक्तालय, दिंडोरीत राहत असशील तर कलेक्टर ऑफिस. मग पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, बंदूक घरात सुरक्षित कशी ठेवणार याची हमी. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तुम्हाला बंदूक कशासाठी हवी? "शनिवार-रविवार कॅम्पिंगला जातो" हे सांगून फार काही हाती लागेल, अशी आशा ठेवू नकोस.

ग्रामीण भागात पिकाच्या रक्षणासाठी बंदूक दिली जाते. त्यासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. कोकणात रानडुकरं आणि वानरांपायी कित्येक शेतकऱ्यांच्या घरी अशी बंदूक असते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. म्हणजे ज्याच्याकडे खरंच कारण आहे, त्याच्यावरही एवढी बंधनं.

त्या व्हिडिओतली पिस्तुलं? त्यांतली ९ एमएमची पिस्तुलं तर आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी बंदच, त्यांना 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणतात. जे मिळू शकतं ते म्हणजे .३२चं रिव्हॉल्व्हर. २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, वजन अर्धा किलो. बायकांच्या पर्समध्ये मावावं हा त्याचा हेतू. रानात, अंधारात, अंगावर येणाऱ्या जनावरासाठी ते बनलेलंच नाही.

आणि कुणी म्हणत असेल की "भाऊ, लायसन्स कशाला, गावठी कट्टा मिळतो की", तर त्याला तिथंच थांबवा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत आहे. कॅम्पिंगचे फोटो टाकायचे राहतील बाजूला, वकिलाच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवाल.

आता दुसरा कायदा, १९७२चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. ट्रेकरनं हा तरी माहीत करून घ्यायलाच हवा. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही आपली लाडकी ठिकाणं कुठे आहेत? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं तर आधी लेखी परवानगी लागते. घरी लायसन्स असलं तरीही. आणि 'शस्त्र' म्हणजे फक्त बंदूक नाही बरं का. व्याख्येत धनुष्यबाण आहे, जाळं आहे, फासा आहे, चाकूसुद्धा आहे. तो जो तुम्ही ऑनलाइन मागवलेला, मागच्या बाजूला करवतीचे दाते असलेला 'सर्व्हायव्हल' चाकू आहे ना, तोसुद्धा. कांदा कापायला नेलेल्या छोट्या सुरीवरून कुणी तुम्हाला धरेल असं मी म्हणत नाही. पण कमरेला हातभर सुरा लावून नाक्यावर गेलात, तर वनरक्षकानं अडवल्यावर वाद घालू नका. तो बरोबर आहे.

आणखी एक. बिबट्या या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार म्हणजे तीन ते सात वर्षं कैद. आणि शिकार म्हणजे मारणंच नव्हे, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. हां, जीव वाचवायला, खऱ्या हेतूनं केलं असेल तर कलम ११ तुम्हाला संरक्षण देतं. पण त्याला एक अट आहे. त्या वेळी तुम्ही स्वतः कुठला गुन्हा करत नसावेत. म्हणजे परवानगी नसताना अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरलात आणि मग "स्वसंरक्षण, स्वसंरक्षण" म्हणालात, तर तुमच्या पायाखालची जमीन तुम्हीच आधी काढून घेतलेली असते.

कायदा इथं संपवतो. कारण खरं सांगू का, मला त्या वेळी कायदा माहीत असता तरी मी जे केलं ते केलंच असतं. माझ्या हातात जे होतं, त्याला लायसन्स लागतच नव्हतं.

छर्रा

एअरगन. .१७७ बोअरची, म्हणजे साडेचार मिलिमीटर. त्या बोअरपर्यंत आणि वीस ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअरगनला आपल्याकडे लायसन्सची गरज नाही. मी तेव्हा सातपूरच्या एका कंपनीत ट्रेनी होतो. दुसऱ्या पगारात घेतली. घरी सांगितलं, नेमबाजी शिकायची आहे. शिकलो काय, तर गच्चीवर बिसलेरीच्या बाटल्या फोडायला.

त्या डिसेंबरात आम्ही तिघं त्र्यंबकच्या मागच्या डोंगरांत गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या घराला माझ्यामुळे पुन्हा त्रास नको. पायथ्याच्या वाडीत एका घरी बाईक लावल्या. घरात एक म्हातारे बाबा, त्यांची सून, दोन नातवंडं आणि एक पिवळसर कुत्रं. सूनबाईंनी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजिंग वाढलं. पैसे द्यायला गेलो तर बाबा म्हणाले, "पोरांच्या हातावर ठेव खाऊचे."

आम्ही वरच्या पठारावर तंबू लावणार म्हटल्यावर बाबा म्हणाले, "वर कशाला झोपता? अंगणात झोपा की. आठ दिसांमागं पाड्यावरची शेळी नेलीय."

मी बॅगेतून एअरगन काढून दाखवली. हसून म्हणालो, "बाबा, हे आहे ना सोबत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत.

हा क्षण लक्षात ठेवा, मंडळी. त्या डोंगरात साठ वर्षं गुरं राखलेला माणूस मला फुकटात सल्ला देत होता. आणि तो मी ऐकला नाही. का? तर माझ्या हातात एक नळी होती. ती नसती ना, तर मी शंभर टक्के अंगणात झोपलो असतो.

वीस-पंचवीस मिनिटं चढून पठारावर गेलो. तंबू लावला, मॅगी केली, गाणी म्हटली. रात्री दहाच्या सुमारास थंडी पडली म्हणून आत शिरलो. आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पाचोळा वाजला. थांबला. परत वाजला.

माझ्या मित्राच्या हातानं माझा दंड घट्ट धरलेला अजून आठवतो. मी चेन उघडली, हेडलॅम्प लावला. पंधरा-वीस पावलांवर दोन डोळे. हिरवे, चकाकणारे, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच. त्यांच्या मागे काय आहे, काही दिसत नव्हतं. नुसता अंधार.

मी छर्रा मारला.

केकाटण्याचा आवाज आला. आणि त्याच्या मागून, अगदी मागून, माणसाचा आवाज. "अरे ए! कोण मारतंय रे?"

बाबा होते. आमचा पाण्याचा कॅन त्यांच्या ओट्यावर राहिला होता. पोरं रात्री तहानलेली राहतील म्हणून पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन म्हातारा माणूस डोंगर चढून आला होता. बॅटरी कशाला लागते, पायवाट त्यांच्या पायाला पाठ होती. कुत्रं त्यांच्या चार पावलं पुढं चालत होतं.

छर्रा कुत्र्याच्या पुढच्या खांद्यात लागला. घोंगडीत गुंडाळून खाली आणलं. सकाळी बाईकवर दोघांच्या मध्ये धरून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. जगलं ते. पण पुढचा पाय कायमचा लंगडा झाला. आणि छोटी नात मला बघून आजोबांच्या मागे लपायला लागली.

बाबा मला रागावले नाहीत. रात्री खाली उतरताना एकदाच बोलले. "कुत्रं पुढं होतं म्हणून बरं. मी पुढं असतो तर?"

ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, कारण तो मुलगा विचारतोय कुठली बंदूक घेऊ.

मामांचा प्रश्न

माझे मामा फौजेतून निवृत्त झालेले. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे आणि घरात दोन नळ्यांची बारा बोअर, लायसन्सची. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं एक कानाखाली बसेल. त्यांनी फक्त विचारलं, "तुझ्या निशाण्याच्या मागं काय होतं?"

"अंधार होता, मामा."

"म्हणजे तुला ठाऊक नव्हतं."

मग ते म्हणाले, "फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. समोर काय आहे हे ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागं काय आहे हे बघितल्याशिवाय बोट घोड्यावर जात नाही. आणि मला सांग, रानात, रात्री, तंबूतून बघताना, या दोन्ही गोष्टी तुला कधी कळणार?"

मी विचारलं, "मग तुमच्या बागेत बिबट्या आला तर तुम्ही काय करता?"

"ट्रॅक्टरचे दिवे लावतो, पत्रा वाजवतो, आणि वन खात्याला फोन करतो. बंदूक कपाटात असते. त्या कपाटाची किल्ली तुझ्या मामीकडं."

मंडळी, ज्या माणसाला बंदूक चालवता येते, ज्याच्याकडे लायसन्स आहे, ज्याच्या बागेच्या शेजारच्या उसात बिबट्या खरोखर राहतो, तो माणूस पत्रा वाजवतो. मी त्या दिवशी घरी आलो आणि एअरगन विकून टाकली. आलेले पैसे कुत्र्याच्या औषधाला आणि नातवंडांच्या वह्यांना गेले. त्यानं काही फिटलं असं मला वाटत नाही.

"पण अमेरिकेत तर नेतात ना?"

नेतात. तिथं अस्वलं आहेत, कायदे वेगळे आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर जाताना पांढऱ्या अस्वलाला पळवून लावायचं साधन सोबत असणं बंधनकारक आहे आणि बंदूक न्या असं सांगतात. तिथली ती गरज आहे, मी नाकारत नाही.

पण त्याच अमेरिकेत, अलास्कामध्ये, टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अभ्यासकांनी अस्वलांशी झालेल्या झटापटींच्या जुन्या नोंदी तपासल्या. २००८मध्ये त्यांनी मिरचीच्या फवाऱ्याचा, म्हणजे बेअर स्प्रेचा अभ्यास छापला. दहातल्या नऊ वेळा त्या फवाऱ्यानं अस्वल थांबलं होतं. २०१२मध्ये बंदुकीचा अभ्यास आला. त्यात काय दिसलं, तर ज्यांच्याकडे बंदूक होती, त्यांनी ती वापरली काय आणि नाही वापरली काय, जखमी होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. कारण जनावर येतं ते सेकंदात. बंदूक काढायची, सेफ्टी सोडायची, नेम धरायचा, आणि हे सगळं थरथरत्या हातानं.

आता ते चित्र हरिहरच्या पायऱ्यांवर आणून बघा. दोन्ही हात खोबणीत, वर एकाची चप्पल, खाली दुसऱ्याचं डोकं, रविवारची रांग. बंदूक कुठल्या हातात धरणार?

बिबट्या खरंच आहे, पण तो कुठे आहे?

मी बिबट्याची भीती खोटी आहे असं म्हणत नाहीये. नाशिक, अहिल्यानगर, पुण्याचा जुन्नर-शिरूर भाग, इथे हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान लेकरं गेली आहेत. ज्या घरातलं पोर गेलं, त्यांना कुणी आकडेवारी सांगू नये.

पण ट्रेकरनं एक गोष्ट समजून घ्यावी. आपल्या भागातला बिबट्या गडाच्या माथ्यापेक्षा उसात जास्त आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात शेतांच्या कडेला कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३मध्ये छापून आला. भरवस्तीच्या, शेतीच्या त्या पट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले. ते खातात काय? मुख्यतः गावातली जनावरं, आणि त्यांत सगळ्यात जास्त कुत्री. म्हणजे तंबूपाशी बिस्किटं टाकून वाडीतलं कुत्रं थांबवून ठेवणं हे राखण नाही, ते आमंत्रण आहे.

बिबट्या पकडून लांब सोडला की प्रश्न सुटतो, असंही नाही. २००९मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या वाचवून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता. तो चालत चालत थेट मुंबईच्या बोरिवलीच्या उद्यानापर्यंत पोचला. 'आजोबा' हा २०१४चा सिनेमा त्याच्यावरच. शेतं, रस्ते, रेल्वे, वस्त्या, सगळं ओलांडून गेला आणि वाटेत कुणाला इजा केल्याची नोंद नाही. त्याला आपल्यापासून लांब राहायचं असतं. आपण त्याला त्याची संधी द्यायची.

एका मुलीचा मेसेज

या विषयावर मी स्टोरी टाकली तेव्हा एका मैत्रिणीनं लिहिलं, "दादा, मला बिबट्याची भीती वाटत नाही. रात्री तंबूजवळ दारू पिऊन येणाऱ्या बाईकवाल्यांची वाटते." हे वाचून मी गप्प झालो. कारण हा प्रश्न खरा आहे आणि आम्हा मुलांच्या डोक्यात तो येतच नाही.

बंदूक याचंही उत्तर नाही. झोपलेल्या माणसाकडची बंदूक दुसऱ्याच्या हाती जायला वेळ लागत नाही. पण भीती खरी आहे, तर उपायही खरे हवेत. रस्त्यालगतच्या, गाडी पोचेल अशा 'व्ह्यू पॉइंट'वर तंबू लावू नका. वाडीत, घराच्या अंगणात, घरमालकिणीला सांगून लावा. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना आधी फोन करा. तुमचं लाइव्ह लोकेशन घरच्या कुणाकडे तरी असू द्या. मिरचीचा स्प्रे जवळ ठेवा, तो आपल्याकडे सहज विकत मिळतो. ११२ नंबर पाठ हवा. आणि कुणी येऊन त्रास द्यायला लागलं तर "कशाला तंटा" म्हणून बसून राहू नका, सगळं गुंडाळून वस्तीत जा. ट्रेक परत होतो.

मग सोबत काय न्यायचं?

आता कामाचं बोलू. ही माझी यादी, गेल्या आठ वर्षांत सुधारत आलेली.

एक, काठी. गुराख्याच्या हातात असते तशी, खांद्यापर्यंत उंचीची. उतारावर तिसरा पाय, गवतात साप आहे का बघायला, वाडीतली कुत्री लांब ठेवायला. फक्त शहरात शस्त्रबंदीचा आदेश असेल तर लाठ्याकाठ्याही त्यात येतात, एवढं ध्यानात असू द्या. रानात मात्र तिच्यासारखी सोबत नाही.

दोन, दोन बॅटऱ्या. एक डोक्यावर, एक हातात, लांब झोत पडणारी. आणि जादा सेल. डोळे चमकले तर झोत तिथंच ठेवा, आवाज द्या, "कोण आहे?" म्हणून विचारा. माझ्याकडून त्या रात्री एवढेच दोन शब्द निघाले असते तर!

तीन, शिट्टी. वाट चुकलात, पाय मुरगळला, तर घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

चार, नंबर. १०८ रुग्णवाहिका, ११२ आपत्कालीन मदत, १९२६ वन विभागाची हेल्पलाइन. आणि पायथ्याच्या वाडीतल्या एका माणसाचा नंबर, तो सगळ्यात आधी. डोंगराच्या पोटात रेंज नसते. वर चढताना रेंज कुठे मिळाली ती जागा बघून ठेवा.

पाच, सवयी. अंधारात एकट्यानं तंबूबाहेर जायचं नाही. उघड्यावर वाकून, ओणवं बसायचं ते तर एकट्यानं मुळीच नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटू शकतो. उरलेलं अन्न, मटणाची हाडं तंबूजवळ टाकायची नाहीत. बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, लहान मूल असेल तर उचलून घ्यायचं, आणि त्याला निघून जायला वाट ठेवून हळूहळू मागं सरकायचं.

आणि आता बंदुकीनं न मरणाऱ्या गोष्टी, ज्या ट्रेकरला बिबट्यापेक्षा जास्त गाठतात. ओला कातळ. दुपारचं ऊन आणि संपलेलं पाणी. पावसाळ्यात अचानक फुगलेला ओढा. आग्या मोहोळ, ज्याच्याखाली धूर केला, अत्तर फवारलं, आरडाओरडा केला की पळायला जागा उरत नाही. आणि साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार लक्षात ठेवा. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, कडं काढायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात लवकरात लवकर पोचायचं. यांतल्या कशावर गोळी चालवणार?

शेवटचं

त्र्यंबक, इगतपुरी, अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी, ठाकर, वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आपण वसुबारस म्हणतो त्या दिवशी तिकडं बऱ्याच पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरं राख म्हणून मागणं मागतात. शहरातून गेलेल्या आपल्याला ते भोळं वाटतं. पण त्यात एक शहाणपण आहे. जनावर आहे हे मान्य करायचं आणि आपलं वागणं त्याप्रमाणे ठेवायचं. गुरं वेळेत आत, पोरं वेळेत आत.

माझ्या एअरगननं नेमकं उलटं केलं. तिनं मला वाचवलं नाही, तिनं मला अंगणातून उठवून पठारावर नेलं. आणि तिथं माझ्या भीतीच्या हातात चाप दिला.

तर मित्रा, तू जा. चौघंही जा. इगतपुरीचे डोंगर बघायलाच हवेत. फक्त पायथ्याच्या घरात बसून आधी चहा घे, आणि तिथला म्हातारा माणूस अंगणात झोप म्हणाला तर अंगणात झोप. पाण्याचा कॅन विसरू नकोस.

मी अजूनही त्या वाडीत वर्षातून एकदा जातो. बाबा आता नाहीत. ते कुत्रंही नाही. नात कॉलेजला आहे, नाशिकलाच. गेल्या वर्षी तिनं मला विचारलं, "दादा, तुम्ही त्या रात्री आवाज का नाही दिला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्याकडे असे अनुभव असतील तर आपल्याला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात घेऊ. ट्रेकला जाणाऱ्या एका तरी मित्राला हा भाग पाठवा, आणि घरच्यांना सांगून निघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.